रंगीत छायाचित्रे एकरंगी छपाईसाठी कशी तयार करावीत

गोव्यात चतुर्थीपासून शिगम्यापर्यंत स्मरणिकांचा हंगाम असतो. देवस्थानाचा जत्रोत्सव, शाळेचा सुवर्णमहोत्सव, नाट्यमंडळाची पंचाहत्तरी, गावच्या वाचनालयाचा वर्धापनदिन, अशा प्रत्येक निमित्ताने एखादी पुस्तिका निघते. मुखपृष्ठ आणि मधली चार-आठ पाने रंगीत ठेवून उरलेले फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पाने) एका काळ्या शाईत छापायचे, हे खर्चाचा अंदाज मांडतानाच ठरलेले असते. छायाचित्रे मात्र आता सगळी रंगीतच येतात, आणि ती एकरंगी पानांत बसवण्याचे काम समितीतल्या ज्या कोणाला ‘संगणकातले कळते’ त्याच्या गळ्यात पडते. असे काम पहिल्यांदाच अंगावर घेतलेल्यांसाठी हा लेख आहे.

‘ग्रेस्केल’ या पर्यायावर एकदा टिचकी मारली की रंग जातो, त्यामुळे हे काम दोन सेकंदांचे आहे असा समज होतो. रंग जातो हे खरे आहे. परंतु चित्रातला जो भेद केवळ रंगावर उभा होता तोही त्याच्याबरोबर जातो, आणि तो भेद छटांच्या रूपाने परत आणून देण्याचे काम कोणतेही सॉफ्टवेअर आपणहून करत नाही. काय उजळ दिसावे आणि काय गडद, हे तुम्हालाच ठरवावे लागते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका निर्णयाभोवती फिरतात.

रंग काढला की काय उरते

श्रावणातल्या एखाद्या जुन्या घराचे छायाचित्र घ्या. तांबडी चिऱ्याची भिंत आहे आणि तिच्यावर हिरवी वेल चढली आहे. डोळ्याला याहून स्पष्ट भेद सापडणे कठीण. संगणकाच्या लेखी मात्र चित्राचा प्रत्येक बिंदू म्हणजे तांबडा, हिरवा आणि निळा या तीन चॅनलांतले ० ते २५५ यांमधले तीन आकडे असतात. भिंतीवरचा एखादा बिंदू १६०, ८२, ६० असा असेल आणि वेलीच्या पानावरचा ७०, १२५, ५० असा. ग्रेस्केल करताना या तिन्हींचे मिळून एकच मूल्य काढले जाते. त्याचे एक रूढ सूत्र म्हणजे तांबड्याचा ०.२९९, हिरव्याचा ०.५८७ आणि निळ्याचा ०.११४ भाग घेऊन केलेली बेरीज. अमेरिकेत १९५३ साली रंगीत दूरचित्रवाणीचे मानक ठरले, तेव्हा घरोघरच्या कृष्णधवल संचांवरही तेच प्रक्षेपण नीट दिसावे म्हणून साधारण हेच प्रमाण स्वीकारले गेले होते. माणसाच्या डोळ्याला हिरवा प्रकाश सर्वांत तेजस्वी आणि निळा सर्वांत मंद भासतो, हा त्यामागचा हिशेब आहे.

या सूत्राने आपली भिंत १०३ होते आणि वेल १००. छापील पानावर तीन अंकांचा हा फरक कोणालाही दिसत नाही. भिंत आणि वेल मिळून एक सलग करडा पट्टा तयार होतो. सूत्र चुकलेले नाही, कारण दोन्ही वस्तू खरोखरच जवळपास सारख्याच उजळ होत्या. त्यांना वेगळे करत होता तो रंग, आणि तोच आपण काढून टाकला.

‘डिसॅच्युरेट’ हा पर्याय तर याहून आंधळा आहे. फोटोशॉपमधला हा पर्याय तीन आकड्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान घेऊन त्यांची सरासरी काढतो. त्यामुळे शुद्ध तांबडा, शुद्ध हिरवा, शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा हे चारही रंग एकाच करड्या छटेचे होतात. छपाईसाठी तो वापरू नये.

आता सूत्राऐवजी प्रमाण आपण ठरवू. तांबड्याचे ६०, हिरव्याचे ३० आणि निळ्याचे १० टक्के घेतले, तर भिंत १२७ वर जाते आणि वेल ८५ वर उतरते. भिंत उजळ, वेल गडद. उलट तांबड्याचे १०, हिरव्याचे ८० आणि निळ्याचे १० टक्के घेतले, तर भिंत ८८ आणि वेल ११२ होते. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. लेख घराच्या बांधणीवर असेल तर मी पहिले घेईन, कारण भिंत उजळ झाली की चिऱ्यांमधले सांधेही दिसू लागतात.

छापखान्याला आधी विचारायच्या गोष्टी

संगणक उघडण्यापूर्वी मुद्रकाला फोन करावा. पहिला प्रश्न कागदाचा आहे. न्यूजप्रिंट (वर्तमानपत्राचा कागद), मॅपलिथो (पुस्तकांचा साधा पांढरा कागद) आणि आर्ट पेपर (गुळगुळीत चकचकीत कागद) हे शाई वेगवेगळ्या प्रकारे धरतात, आणि एका कागदासाठी तयार केलेले चित्र दुसऱ्यावर तसेच उतरत नाही. दुसरा प्रश्न स्क्रीनचा. ऑफसेट यंत्रात करडी शाई नसते. असते ती फक्त काळी, आणि तिचे लहानमोठे ठिपके उमटवून करडेपणाचा भास निर्माण केला जातो. एका इंचात ठिपक्यांच्या किती ओळी बसवायच्या हा आकडा न्यूजप्रिंटवर साधारण ८५ ते १००, मॅपलिथोवर १३३ च्या आसपास आणि आर्ट पेपरवर १५० ते १७५ असतो. चित्राचे रिझोल्यूशन या आकड्याच्या दीडपट ते दुप्पट ठेवावे. म्हणजे १०० ओळींच्या स्क्रीनसाठी इंचाला २०० पिक्सेल पुरतात आणि १५० ओळींसाठी ३०० लागतात. पानावर पाच इंच रुंद छापायच्या चित्राला पहिल्या बाबतीत १००० पिक्सेल रुंदी पुरे, दुसऱ्या बाबतीत १५०० हवी.

तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. ‘ठिपका फुगतो त्याची भरपाई तुमच्याकडे प्लेट काढताना होते, की आम्ही चित्रातच करायची?’ प्लेट म्हणजे ज्यावरून छाप उठतो तो धातूचा पत्रा. ठिपका का फुगतो आणि या प्रश्नाचे महत्त्व काय, ते पुढे येईल. उत्तर लिहून ठेवा.

चित्राची निवड आणि मूळ फाइल

काही छायाचित्रे केवळ रंगावर जगतात. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरचा सूर्यास्त हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. रंग काढला की खाली गढूळ पाणी, वर गढूळ आकाश आणि मधोमध एक पांढरा ठिपका उरतो. अशा चित्राला रंगीत पानांत जागा द्यावी, नाहीतर वगळावे. त्याउलट आकार, पोत आणि तिरपा प्रकाश असलेली चित्रे एकरंगीत कधीकधी अधिक खुलतात. मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभावर सकाळचे कलते ऊन पडलेले असेल, तर प्रत्येक मजल्यावरचे कोनाडे सावलीने आपोआप कोरले जातात. निवड करताना मोबाइलवरच्या फोटो-संपादनात एखादा मोनो फिल्टर लावून पाहावे, म्हणजे कोणती चित्रे तग धरतात ते लगेच कळते. ही फक्त चाचणी आहे. फिल्टर लावलेली फाइल छपाईला देऊ नये.

चित्रे मागवताना ती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नव्हे, तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावी. फोटो म्हणून पाठवलेले चित्र वाटेत आकाराने लहान होते आणि वरून दाबले जाते. रंगीत पडद्यावर हा दोष लपतो, पण चॅनल वेगळे केले की चौकोनी ठोकळे डोळ्यांत खुपू लागतात. आलेली प्रत ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि तिला हात न लावता दुसऱ्या प्रतीवर काम करावे. पुढच्या वर्षी तेच चित्र मुखपृष्ठावर रंगीत हवे असते, आणि तेव्हा मूळ प्रत कोणाकडेच नसते.

मांडवातल्या ट्यूबलाइटमुळे चित्रावर हिरवट छाया असेल, तर ती रंगीत अवस्थेतच काढावी. रंग तर जाणारच आहेत, मग हा खटाटोप कशाला, असे वाटेल. पण बिघडलेल्या रंगांवर केलेले चॅनलांचे मिश्रणही बिघडलेलेच येते.

मिश्रण ठरवणे

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. फोटोशॉपमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ हा ॲडजस्टमेंट लेयर (मूळ चित्राला हात न लावता त्यावर चढणारा बदलाचा थर) घ्यावा. त्यात तांबडा, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा आणि किरमिजी अशा सहा रंगांच्या सहा पट्ट्या असतात, आणि जी पट्टी सरकवली, मूळ चित्रात त्या रंगाचा जो भाग होता तेवढाच उजळ किंवा गडद होतो. जिम्प हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्यात ‘कलर्स’ मेनूतल्या ‘डिसॅच्युरेट’खाली ‘मोनो मिक्सर’ आहे. तिथे तीन चॅनलांचे प्रमाण द्यायचे असते. तिन्हींची बेरीज एक, म्हणजे शंभर टक्के, राहील असे पाहावे, नाहीतर सगळे चित्रच उजळते किंवा काळवंडते. आपल्याकडे अनेक डीटीपी केंद्रांत अजून कोरलड्रॉवर पाने लागतात. त्यातला ‘बिटमॅप्स’ मेनूतला ग्रेस्केल मोड तुम्हाला न विचारता सरळ रूपांतर करून टाकतो. म्हणून मिश्रण आधीच करून मग चित्र तिथे न्यावे.

पट्ट्यांना हात लावण्यापूर्वी तिन्ही चॅनल एकेक करून उघडून पाहावेत. तांबड्या चॅनलमध्ये त्वचा उजळ आणि नितळ दिसते, तर निळे आकाश गडद होते. हिरवा चॅनल आपल्या नेहमीच्या पाहण्याला सर्वांत जवळचा असतो आणि बारकावे बहुधा त्यातच असतात. निळ्या चॅनलमध्ये दाणे आणि ठोकळे सर्वांत जास्त दिसतात आणि चेहऱ्यावरचा प्रत्येक डाग उठून येतो. पाच मिनिटे असे पाहिले की कोणत्या चॅनलकडे झुकायचे ते ठरते, आणि काही वेळा एक चॅनल जसाच्या तसा घेतला तरी काम होते.

दिवजोत्सवाची, म्हणजे स्त्रिया पेटते दिवे घेऊन देवळात जातात त्या उत्सवाची, छायाचित्रे घ्या. दिव्यांच्या ज्योतीचा प्रकाश नारिंगी असतो, त्यात निळा भाग जवळजवळ नसतोच. त्यामुळे निळा चॅनल काळाकुट्ट आणि दाणेदार येतो, तर तांबड्यात स्त्रियांचे चेहरे शांत व उजळ दिसतात. इथे तांबडा ७०-८० टक्के घ्यावा आणि निळा शून्य. शिगम्याच्या छायाचित्रांतही तेच करावे लागते. तांबडा गुलाल हिरवा प्रकाश शोषून घेतो, म्हणून नेहमीच्या सूत्राने रोमटामेळातल्या (शिगम्याच्या वाजतगाजत मिरवणुकीतल्या) माणसांचे चेहरे काळ्या डागांनी भरलेले दिसतात, जणू कोणी तेल-काजळी फासली आहे. तांबड्याकडे झुकले की गुलाल विरळ होतो आणि माणूस ओळखू येतो. सगळाच गुलाल जाऊ देऊ नये, नाहीतर शिगमा कशावरून ओळखायचा?

याच युक्तीने मला एकदा चांगलेच अडचणीत आणले. एका स्मरणिकेसाठी मी ज्येष्ठ महिलांची चित्रे तांबड्या चॅनलवरून तयार केली, कारण त्यात चेहरे फार सुरेख आले होते. पुस्तिका वाटून झाल्यावर एका आजोबांचा फोन आला. ‘बाबा रे, हिच्या कपाळावरचे कुंकू कुठे गेले?’ मी पान उघडून पाहिले तर त्या पानावरच्या एकाही कपाळावर कुंकू नव्हते. हिशेब सोपा होता. त्वचेचा बिंदू १८०, १३०, १०० असा आणि कुंकवाचा १७०, ३०, ३० असा असेल, तर रूढ सूत्राने त्वचा १४२ आणि कुंकू ७२ होते, म्हणजे ठळक फरक राहतो. तांबड्या चॅनलमध्ये मात्र तेच दोन आकडे १८० आणि १७० असतात. संगणकाला तो दहा अंकांचा किरकोळ फरक वाटतो. आपल्याकडे त्याचा अर्थ काय होतो ते वेगळे सांगायला नको. तेव्हापासून चेहऱ्यांच्या चित्रात मी तांबड्याचे प्रमाण ५० टक्क्यांच्या पुढे नेत नाही, आणि दिवजोत्सवासारख्या चित्रात न्यावेच लागले तर लेयरच्या मास्कवर (लेयरचा परिणाम कुठे होईल ते ठरवणाऱ्या पडद्यावर) कपाळाचा तेवढा भाग बारीक ब्रशने झाकून त्याला वेगळे मिश्रण देतो.

पणजीच्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीतल्या रंगीत घरांच्या चित्रांत पेच वेगळा असतो. पिवळी भिंत मुळातच इतकी उजळ असते की तिच्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या आणि खिडक्यांच्या चौकटी करड्या छटांत जेमतेम वेगळ्या दिसतात. तिथे पिवळ्याची पट्टी खाली ओढली की भिंत एक पायरी उतरते आणि पांढरा रंग पुन्हा पांढरा दिसू लागतो. निळ्या भिंतीचे उलट असते. ती आधीच गडद असते, तिला थोडे वर आणावे लागते. पट्ट्या टोकाला नेण्याचा मोह मात्र टाळावा. समुद्रावरचे आकाश नाट्यमय काळे करण्याच्या नादात निळी पट्टी फार खाली ओढली, तर सलग आकाशात पायऱ्या पडतात आणि माडांच्या झावळ्यांभोवती पांढरी कड उमटते.

जुनी कृष्णधवल छायाचित्रे स्कॅन करतानाही रंगीतच स्कॅन करावीत. हे विचित्र वाटते, पण आपल्या दमट हवेत अल्बममधल्या चित्रांवर जे पिवळे-तपकिरी डाग पडतात ते निळ्या चॅनलमध्ये गडद आणि तांबड्यात अगदी फिके दिसतात. तांबडा चॅनल घेतला की डाग काढण्याचे अर्धे काम झालेले असते. चित्रावर कोणी निळ्या पेनाने तारीख लिहिली असेल तर निळा चॅनल पाहावा, तिथे ती बरीच फिकी होते. कार्यालयाचा लाल शिक्का तांबड्यात विरतो. स्कॅनर ग्रेस्केलवर ठेवून ही सोय आधीच गमावू नये. जुन्या वर्तमानपत्रातले किंवा पुस्तकातले छापील चित्र स्कॅन करायचे असेल तर स्कॅनरमधला ‘डीस्क्रीन’ पर्याय सुरू करावा, नाहीतर जुने ठिपके आणि नवे ठिपके एकमेकांत अडकून जाळीसारखी नक्षी उमटते.

मिश्रण मनासारखे झाले तरी फाइल अजून तीन चॅनलांचीच असते. ती फक्त करडी दिसते. म्हणून लेयर एकत्र करून मग ‘इमेज’ मेनूतल्या ‘मोड’मधून ‘ग्रेस्केल’ हा पर्याय घ्यावा. आता या टिचकीला हरकत नाही, कारण ठरवण्यासारखे काही तिच्यासाठी शिल्लक ठेवलेले नाही.

कागदासाठी छटा बसवणे

कागदावर शाईचा ठिपका टेकला की तो पसरतो. प्लेटवर ५० टक्क्यांचा असलेला ठिपका न्यूजप्रिंटवर ७५ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. वर्तमानपत्री छपाईच्या आयएसओ १२६४७-३ या मानकात मधल्या छटेसाठी २६ टक्क्यांची वाढ गृहीत धरलेली आहे. मॅपलिथोवर ही वाढ त्याहून कमी असते आणि आर्ट पेपरवर आणखी कमी. पडद्यावर देखणे दिसणारे चित्र छापल्यावर काळवंडते ते प्रामुख्याने यामुळे. नवखा माणूस यंत्रावरच्या कारागिराला दोष देतो, पण त्याने शाई बरोबरच सोडलेली असते.

भरपाई दोन ठिकाणी होऊ शकते. फोटोशॉपच्या ‘कलर सेटिंग्ज’मध्ये ‘ग्रे’ या ओळीत १०, १५, २०, २५ आणि ३० टक्के डॉट गेनचे (ठिपका फुगण्याचे) पर्याय असतात. तिथे न्यूजप्रिंटसाठी २५ किंवा ३० आणि आर्ट पेपरसाठी १५ निवडून नंतर ग्रेस्केल केले, तर ठिपका जितका फुगणार तितकी शाई आधीच कमी ठेवली जाते. म्हणून ही निवड रूपांतराच्या आधी करावी, नंतर नव्हे. दुसरा मार्ग म्हणजे ‘कर्व्ह्ज’मध्ये मधला बिंदू हाताने हलवून मधल्या छटा उजळ करणे. दोन्ही एकदम करू नये, आणि छापखान्यात प्लेट काढतानाच भरपाई होत असेल तर यातले काहीही करू नये. दुहेरी भरपाई झालेले चित्र धुऊन काढल्यासारखे पांढुरके येते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवायला सांगितले ते यासाठी.

त्यानंतर दोन टोके बांधावीत. फार लहान ठिपका प्लेटवर टिकत नाही, आणि ९० टक्क्यांच्या पुढचे ठिपके खरबरीत कागदावर एकमेकांत मिसळून डबके होते. ‘लेव्हल्स’मध्ये खाली ‘आउटपुट’च्या दोन चौकटी असतात. न्यूजप्रिंटसाठी डावीकडे २६ आणि उजवीकडे २४२ लिहिले की चित्र ९० ते ५ टक्के शाईच्या मर्यादेत येते. आर्ट पेपरसाठी डावीकडे १३ पुरते, म्हणजे ९५ टक्के. दिव्याची ज्योत, डोळ्यातली चमक, पितळी समईवरचा प्रकाश एवढ्या जागा मात्र कोऱ्या कागदाइतक्या पांढऱ्या राहू द्याव्यात, नाहीतर चित्रावर धूर पसरल्यासारखे दिसते.

चेहऱ्याकडे वेगळे लक्ष द्यावे. ‘इन्फो’ची चौकट उघडी ठेवून माउस गालावर फिरवला की शाईची टक्केवारी दिसते. न्यूजप्रिंटसाठी प्रकाश पडलेल्या गालावर मी २० ते २५ टक्के ठेवतो आणि सावलीच्या बाजूला ५० च्या वर जाऊ देत नाही. हे माझे अनुभवाचे अंदाज आहेत, नियम नव्हेत. पण सत्कारमूर्तीचा चेहरा काळा ठिक्कर आल्यावर खुलासे देण्यापेक्षा तो एक पायरी उजळ आलेला बरा.

चित्र पानावर ज्या मापात बसणार त्या मापाचे करून मगच धार वाढवावी. ‘अनशार्प मास्क’मध्ये इंचाला ३०० पिक्सेलच्या चित्राला त्रिज्या १ ते १.५ आणि प्रमाण १०० ते १५० टक्के पुरते. पडद्यावर किंचित जास्त वाटेल इतकी धार असावी, कारण ठिपक्यांत ती थोडी मरते. फाइल टिफ प्रकारात ठेवावी.

ज्यांना ग्रेस्केल करू नये

पेनाने काढलेली रेषाचित्रे, सह्या, जुनी पत्रे, नकाशे यांत करड्या छटा नसतातच. अशा चित्राला ग्रेस्केल केले की प्रत्येक रेषेची कड ठिपक्यांनी कुरतडली जाते. लोटलीचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या रेखाटनांतली गजबज आठवून पाहा. तिथल्या बारीक रेषा ठिपक्यांत फोडल्या तर चित्रच संपले. रेषाचित्र इंचाला १२०० पिक्सेलने स्कॅन करून ‘बिटमॅप’ मोडमध्ये, म्हणजे निव्वळ काळे आणि पांढरे असे ठेवावे. कावी कलेचे, म्हणजे चुन्याच्या भिंतीवर तांबड्या कावेने केलेल्या नक्षीचे, नमुने रेषाचित्र आणि छायाचित्र या दोहोंच्या मध्ये पडतात. ते रेषेसारखे दिसतात, पण भिंतीचा पोतही त्यांत महत्त्वाचा असतो. म्हणून त्यांचे ग्रेस्केलच करावे आणि निळ्या-हिरव्या चॅनलकडे झुकावे, म्हणजे तांबडी काव गडद आणि चुना पांढरा येतो.

जाहिरातदारांकडून बोधचिन्हाची एकरंगी प्रत मागवावी. आलेखांचे रूपांतर करण्यात अर्थ नाही. लाल आणि हिरवा हे दोन खांब एकाच छटेचे होतात. ते १०, ४० आणि ८० टक्के अशा छटांत नव्याने आखावेत.

पानावर बसवल्यावरची तपासणी

एका पुस्तिकेच्या पानांवर माझ्या हातून चार चित्रे रंगीत, चार शायांच्या सीएमवायके मोडमध्येच राहून गेली. फर्मा एकरंगी असल्यामुळे छापखान्यात फक्त काळ्या शाईची प्लेट निघाली. चार शायांच्या चित्रात चेहऱ्याचा भार किरमिजी आणि पिवळ्या शाईवर असतो, काळ्या प्लेटवर फक्त गडद भाग येतात. परिणामी त्या चार चित्रांत केस, भुवया, मिशा आणि चष्म्याच्या काड्या तेवढ्या उमटल्या, माणसे गायब. प्रूफ माझ्या रंगीत प्रिंटरवर काढले होते, त्यात सगळे ठीक दिसत होते.

इनडिझाइनमध्ये पाने असतील तर ‘आउटपुट’मधली ‘सेपरेशन्स प्रिव्ह्यू’ची चौकट उघडून काळी सोडून बाकीच्या तीन शाया बंद कराव्यात. पान जसेच्या तसे राहिले तर ते एकरंगी आहे. एखादे चित्र फिके पडले तर तेच चुकलेले. पीडीएफ झाल्यावर हीच तपासणी ॲक्रोबॅट प्रोच्या ‘आउटपुट प्रिव्ह्यू’मध्ये पुन्हा करावी, कारण शेवटच्या क्षणी कोणीतरी ‘हा एक फोटो घाला’ म्हणून पाठवलेला असतो आणि तो नेमका रंगीत असतो.

चित्रांखालच्या ओळीही या वेळी वाचाव्यात. ‘डावीकडून दुसऱ्या, हिरव्या शालीतील’ किंवा ‘लाल फेटा बांधलेले अध्यक्ष’ असे वर्णन एकरंगी पानावर कोणाच्याच उपयोगाचे नाही. मजकूर लिहिणाऱ्याने रंगीत चित्र समोर ठेवून तो लिहिलेला असतो, त्यामुळे ही चूक फार वेळा राहते.

शक्य असेल तर पहिला कागद यंत्रावरून निघताना स्वतः हजर राहावे. चतुर्थीच्या अंकांचे काम ऐन पावसाळ्यात चालते, तेव्हा कागदाने ओल धरलेली असते आणि शाईही उशिरा वाळते. म्हणून ताज्या कागदावर बोट फिरवून निर्णय देऊ नये. चित्र फार काळे वाटले आणि शाई कमी करायला सांगितली, तर त्याच पट्ट्यातला मजकूरही फिका होतो, हे लक्षात ठेवावे. तुलनेसाठी त्याच छापखान्याने त्याच कागदावर छापलेली एखादी जुनी पुस्तिका बरोबर न्यावी, आणि कारागिराला तिच्यातले एक पान दाखवून ‘मजकूर इतका काळा हवा’ एवढेच सांगावे.